सहावर भागणारा बोरॉन

साळवे सरांच्या रसायनशास्त्राच्या तासाला हात मोकळे ठेवायची सोय नव्हती. "हात म्हंजे इलेक्ट्रॉन," असं म्हणून ते वर्गभर आम्हाला एकमेकांचे हात धरायला लावत. दोन हात जुळले की एक बंध. कार्बन होणाऱ्याला चार लागत, म्हणून तो बाकावर बसून दोन्ही पायही पुढे करी. त्याचे चार नि दुसऱ्यांचे चार, असे त्याच्याभोवती आठ भरले की सर खूश. "झालं अष्टक! आता ह्यो कुणाशी भांडत नाय."

बोरॉनभोवती मात्र सहाच भरत. एकदा दोघांनी उरल्या जागेत हात घुसवले, तर सर केवढ्यानं ओरडले! "सोडा त्याला! त्याचं सहावर भागतंय. नियम माणसानं केला, बोरॉनला कुणी इचारलं व्हतं?"

मी वैजापूरहून शिकायला शहरात आलेली. अकरावीच्या पहिल्याच चाचणीत रसायनशास्त्रात आपटले. नापासांना कला शाखेत पाठवायचं, असा कॉलेजचा नियम. मला विज्ञान सोडायचं नव्हतं. सर मला थेट प्राचार्यांकडे घेऊन गेले.

"नियम म्हणजे नियम, साळवे," प्राचार्य म्हणाले.

"पोरीला समजलंय सर, लिहिता येत नाय अजून. बोरॉन इचारा."

मी प्राचार्यांनाच बोरॉन केलं. त्यांचा एक हात सरांनी धरला, दुसरा मी. तिसऱ्या बंधासाठी मी शिपाई हमीदमामूंना हाक मारली आणि प्राचार्यांना म्हणाले, "सर, आता पाय द्या." प्राचार्यांनी चक्क बूट पुढे केला.

"साहब का पाँव मैं कैसा पकडूं?" मामू दोन पावलं मागे सरले.

"पकडो जी, तुम फ्लुओरीन हो!" सर म्हणाले.

प्राचार्यांनी मोजलं. "सहाच? आठ कुठायत?"

"बोरॉनकडे द्यायला तीनच असतात, सर. तीन जोड्या झाल्या, त्यात त्याचं भागतं," मी म्हणाले.

प्राचार्यांना हसू आवरेना. "राहा विज्ञानात. पण पुढच्या चाचणीत पास हो. मामू, पाय सोडा आता!"

बाहेर येताच मी उड्याच मारल्या. "सर, मीपण बोरॉन! मीपण अपवाद!"

"कसला अपवाद? बोरॉनला परीक्षा नसती. तुला हाय. चल, फॉस्फरस काढ."

संध्याकाळपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. सर आता नाहीत. मी पैठणच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी एखादं नापास पोर घेऊन प्राचार्यांच्या दारात उभी राहते.