आत्याच्या बोटीतली गाठ

पुण्या-नागपूरहून मँचेस्टरला आलेल्या मराठी माणसांचे दोनच प्रकार आहेत: माझ्या आत्याच्या बोटीत बसून ओकलेले, आणि अजून तिच्या तावडीत न सापडलेले. दुसऱ्या प्रकारातल्यांनी फार खूश होऊ नये. गणपतीच्या कार्यक्रमात कोणी नुसतं 'आम्हाला समुद्र फार आवडतो' म्हणालं, की शनिवारी पहाटे त्याच्या दारात आत्याची गाडी उभी राहते. हवा वाईट आहे म्हणून सांगावं, तर ती भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ म्हणून दाखवते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलतबहीण, मालवणकडची. तरुणपणी नर्स होऊन इथे आली आणि मँचेस्टरच्या हॉस्पिटलात तिने जन्म काढला. कोणाचीही नस तिला पहिल्या फटक्यात सापडायची, याचा तिला भारी अभिमान. रिटायर झाल्यावर बरोबरीच्या बायका क्रूझची ब्रोशरं चाळत होत्या, तेव्हा हिने नॉर्थ वेल्समधल्या एका लहानशा बंदरात जुनी बोट घेतली. बोट कसली, इंजिन लावलेलं घमेलंच ते. तेव्हापासून नवख्यांना बांगडे पकडायला शिकवणं हे तिने व्रतासारखं घेतलंय. निघण्यापूर्वी प्रत्येकाला आलेपाकाची वडी आणि फ्लास्कमधली गरम पेज सक्तीची. एवढं करूनही माणूस ओकलाच, तर ती त्याचा खांदा थोपटते आणि पुढच्याच्या हातात दोरी देते.

नवखी मंडळी बोटीत चढताच सॅमनची चौकशी करतात, कारण सुपरमार्केटमुळे तेवढा एकच मासा ओळखीचा झालेला असतो. इथेच घात होतो. बंदरातल्या एका स्कॉटिश म्हाताऱ्याने आत्याला कधीतरी सांगितलं होतं, की बोटीत सॅमनचं नाव घेतलं तर अपशकुन होतो, म्हणायचंच तर 'लाल मासा' म्हणावं. आत्याने ते मालवणात समुद्राला देतात त्या नारळाइतक्याच श्रद्धेने स्वीकारलं. हाउन्सलोहून पाहुणा आलेल्या एका मॅनेजरने किनारा सुटताच विचारलं, "आँटी, सॅमन किती पाउंडाचा मिळतो?" आत्याने बोट सरळ वळवून धक्क्याला आणली, अपशकुन उतरावा म्हणून त्याला लोखंडी खुंट्याला हात लावायला लावला, समुद्राला एक जादा नारळ दिला आणि मग पुन्हा निघाली. बिचारा परत येईपर्यंत 'हो' आणि 'नाही' याखेरीज काही बोलला नाही.

पण तिचा खरा कायदा गाठीचा. गळ दोरीला ज्याचा त्याने बांधायचा. दोरीचं टोक गळातून ओवायचं, दोरीभोवती वेढे द्यायचे, गळाजवळ उरलेल्या फटीतून बाहेर काढायचं आणि थुंकी लावून घट्ट ओढायचं. थुंकीपाशी आमची सॅनिटायझर बाळगणारी पिढी अडखळते. मग कोणीतरी लाडीगोडी लावून आत्यालाच बांधून मागतं आणि ती म्हणते, "मेल्या, दोरी तुझी, मासो तुझो, मग गाठ माझी कित्याक?" बांधलेली गाठ ती एकदाच ओढून बघते. सुटली की एकच शब्द: "परत." मी किती वर्षं तिच्या बोटीत जातोय, पण 'परत' शिवाय दुसरं सर्टिफिकेट मला मिळालेलं नाही. हाच कायदा तिने स्वतःलाही लावून घेतला होता. सगळ्यांसमोर म्हणायची, ज्या दिवशी माझा गळ मला बांधता येणार नाही, त्या दिवशी बोट विकून टाकीन.

आणि गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा हात थरथरायला लागला. कप बशीवर वाजायचा. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढत जाणार. वॉटफर्डहून तिच्या मुलाचा, दादाचा, मला फोन आला. दादा इथेच जन्मलेला. म्हणाला, "मम्मीचा हात कसा आहे ते मला खरा सांग. गाठ बांधते की नाही, फक्त तेवढा बघ." म्हणजे तिच्याच बोटीत बसून तिच्यावर पाळत ठेवायची! मला अगदी नको झालं होतं.

उन्हाळ्यात बांगडे आले तसे आम्ही निघालो. बरोबर नागपूरचं एक नवं जोडपं होतं. एरवी आत्या आधी स्वतःचा गळ बांधून दाखवते. त्या दिवशी ती आमच्याकडे पाठ करून बसली. दोरी गळाच्या भोकात जाईना. तिने हात मांडीवर दाबून पाहिला, दोरीचं टोक दातात धरून पाहिलं. मी मुद्दाम लांबच्या एका पक्ष्याकडे बघत राहिलो. शेवटी तिने मागे न बघताच गळ आणि दोरी माझ्यापुढे धरली. मी गाठ बांधली. तिने ओढली आणि म्हणाली, "परत."

घरी येताना गाडीत म्हणाली, "दादाला मीच सांगते. तू नको बोलू."

शब्दाची पक्की! दुसऱ्याच आठवड्यात बंदरावरच्या कॅफेच्या काचेवर 'बोट विकणे आहे'ची चिठ्ठी लागली. गिऱ्हाइकंही आली. पण आत्या त्यांच्या हातात आधी गळ देते. एक रिटायर्ड डेंटिस्ट नापास झाला. एक तरुण जोडपं मोबाईलवर व्हिडिओ बघून बांधत होतं, तेही नापास. सगळे चहा पिऊन परत जातात आणि दादा फोनवर डोकं धरतो. तोवर बोट पडून कशी राहू द्यायची, म्हणून दर शनिवारी आम्ही जातोच. तिचा गळ मी बांधतो. एकदा ती सहज बोलावं तसं म्हणाली, "तुझी गाठ जमली की बोट तुझी. मग मी आपली किनाऱ्यावर बसेन."

गेल्या शनिवारी गाठ जमली. वेढे आपोआप शेजारी शेजारी बसले, थुंकी लावून ओढली तर गाठ दगडासारखी घट्ट. आत्या इंजिनाशी खुडबुडत होती, तिने पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली. मी गुपचूप दोरी कापली, नव्याने बांधताना वेढे कमी दिले आणि गळ तिच्या हातात ठेवला.

तिने ओढला. गाठ सुटली. ती माझ्याकडे बघत राहिली. झोपेचं सोंग घेतलेले पेशंट जन्मभर ओळखत आलेली बाई ती. मग त्या थरथरत्या हाताने तिने दोरी माझ्या मांडीवर ठेवली आणि फळीवर जरा सरकून तिच्या शेजारी मला जागा केली.

"परत," ती म्हणाली.