न हलणारे हात

"हाथ क्यों नहीं हिल रहे इसके? लकवा मार गया?"

सरांनी मी कॉम्प्युटरवर घडवलेला माणूस मोठ्या पडद्यावर लावला होता. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. हसण्यात मी तेव्हा पटाईत होतो.

गुडगावात काचेच्या इमारती नुकत्याच उगवत होत्या. त्यातल्या एकीत थ्रीडी ॲनिमेशनचा क्लास. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून दोन बस बदलून मी यायचो. पहिला महिना ठोकळे ताणून माणूस घडवायचा. दुसऱ्या महिन्यात त्याला चालवायचं. पाऊल कुठं पडणार ते आपण सांगायचं, मधली हालचाल कॉम्प्युटर भरतो. उजवा पाय पुढं, तर डावा हात पुढं. पुस्तकात तसं चित्रच होतं. चांगल्या फायली सर स्टुडिओला पाठवायचे. नोकरी तिथूनच.

मी पुस्तक बघितलं नाही. बाबांना बघितलं.

बाबा सरकारी ऑफिसात शिपाई. तीस वर्षं चहाचा ट्रे. त्यामुळे कोपरं वाकलेली, हात छातीपुढं गोठलेले. ट्रे नसला तरी. भाजी आणायला जातानाही. दार आलं की अर्धं पाऊल थांबायचे, स्वतःच्या घराच्या दारातसुद्धा. उठून करून दाखवू? हुबेहूब करतो. लोक खुर्चीतून पडतात. मीच हल्ली दमतो.

तर वर्ग हसत होता. पुढच्या रांगेतला रोहन मात्र डोळे बारीक करून बघत होता. त्याचे वडील बाबांचे साहेब. हे मला ठाऊक होतं, त्याला नाही.

"एक मिनट, सर! ये तो पापा के ऑफिस वाला मराठा है! चाय वाला!"

महाराष्ट्रातला कुणीही दिल्लीत मराठा. गावात आमची वस्ती वेशीबाहेर. तिथं कुणी आम्हाला मराठा म्हटलं नसतं. इथं फुकट मिळालं.

रोहन उठला. वही ट्रेसारखी धरली आणि रांगांमधून चालला. "साब, चीनी कितनी?" दारापाशी अर्धं पाऊल थांबलासुद्धा. वर्ग लोळत होता.

आणि मला लख्ख कळलं. माझ्या माणसाला नाक नाही, डोळे नाहीत. नुसते ठोकळे. तरी यानं ओळखलं. म्हणजे चाल बरोबर होती, चूक माझी नव्हती.

सर डोळे पुसत म्हणाले, "चलो, बहुत हुआ. हाथ हिला दे, नहीं तो तेरी फाइल नहीं जाएगी."

"नहीं हिलाऊँगा, सर."

"क्यों भाई?"

"मेरे पिताजी ऐसे ही चलते हैं."

रोहननं वही खाली ठेवली. मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. जे दिल्लीत उगाच उच्चारू नकोस, असं बाबांनी बजावलं होतं.

घरी कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "नुसतं नाव पुरलं असतं रे."

फाइल गेली नाही. नोकरीला आणखी तीन वर्षं लागली.

आता मीच शिकवतो. रोज तेच ठोकळे, तीच पावलं. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू? पण दर बॅचला पहिल्या तासाला बाबांना पडद्यावर चालवतो. पोरं हसतात. हसू देतो. मग नाव सांगतो, आडनावासकट. आणि विचारतो, या माणसाच्या हातात ट्रे कुणी दिला?

वर्ग घड्याळाकडे बघतो. बघू दे.

उत्तर आल्याशिवाय मी पुढचा धडा उघडत नाही.