लॉर्नने केलेला बर्फ चालतो, लॉर्न चालत नाही

आमच्या टार्नोव गावाला शंभर वर्षं झाली म्हणून गेल्या वर्षी एक जाडजूड पुस्तक निघालं. ज्याच्या त्याच्या घराण्याची माहिती त्यात आहे. कोणाच्या आजोबांनी कुठली जमीन पहिल्यांदा नांगरली, कोणाकडे पहिला ट्रॅक्टर आला, हालवर्सनांच्या गाईला कुठल्या जत्रेत बक्षीस मिळालं. गाईला दीड पान दिलंय. आणि माझ्या भाच्याला, लॉर्न पेत्रिशनला, चार ओळी. 'गावातून निघालेला एकमेव व्यावसायिक आइस हॉकी खेळाडू. तेरा हंगाम खेळला. दोनशे तेरा मारामाऱ्या. त्याच्या ठोशाला सगळे वचकून असत.'

संपलं. गाईच्या आवडीनिवडी छापल्यात हो, आणि माणसाचं एवढंच.

मी ते पान वाचलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून पुस्तक समितीला फोन लावला. तिकडची पोरगी म्हणाली, "नेटीआजी, जागा कमी होती." म्हटलं, गाय जरा बाजूला सरकवायची होतीस. ती हसली. मी हसले नाही. तेव्हा जे त्यांनी लिहिलं नाही ते मी लिहिते.

लॉर्न माझ्या थोरल्या बहिणीचा, ओल्गाचा मुलगा. त्यांच्या शेताच्या कडेला पाणथळ जागा होती, ती नोव्हेंबरात दगडासारखी गोठायची. चार वर्षांचा असताना स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर ढकलत ढकलत तो स्केटवर उभा राहायला शिकला. ओल्गा ओरडायची, "अरे, बापाला जेवायला बसायला खुर्ची ठेव!" दहाव्या वर्षी तो उलटा जायचा आणि बाकीची पोरं सुलटी जाऊनही त्याला गाठू शकायची नाहीत. आवाज नाही, धडपड नाही. मी चाळीस वर्षं गावच्या बर्फाच्या रिंकच्या स्वयंपाकघरात पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळतेय, खिडकीतून शेकडो पोरं बघितली, पण असं जाणारं दुसरं बघितलं नाही. आणि गोल एकट्याने मारायचा नाही. समोर मोकळी जागा असली तरी बाजूच्या पोराला पकची चकती द्यायचा. "तू मार की!" म्हणून त्याचा बाप कडेने बोंबलायचा. लॉर्न म्हणायचा, "त्याने अजून एकपण नाही मारला ना, बाबा."

हे पुस्तकात नाही.

पंधराव्या वर्षी एका उन्हाळ्यात पोरगा दीड वीत वाढला. ओल्गाने पँटच्या दुमडी दोनदा उसवल्या. खांदे दारात मावेनात. गावाच्या मोठ्या पोरांच्या संघाचा कोच तेव्हा मर्व हालवर्सन होता. हो, गाईवालेच हालवर्सन. ऑक्टोबरात मर्वने पोराला बघितलं ते पायापासून नाही, खांद्यापासून बघितलं.

त्या हिवाळ्यात लिंडल गावाशी सामना होता. त्यांच्या एका दांडग्या पोराने आमच्या गोलरक्षकाला आडवं केलं. मर्व बाकाच्या मागून चालत आला आणि लॉर्नच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. तोंडाने अक्षर बोलला नाही. लॉर्नने मान वळवून वर बघितलं, आणि उठून कठड्यावरून बर्फावर उडी मारली. दोघांनी हातमोजे टाकले आणि ठोसे सुरू झाले. पाच मिनिटं शिक्षेच्या कोठडीत बसून तो परत आला तेव्हा ओठ फाटला होता आणि सगळं शेड उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

खोटं कशाला लिहू, मीही वाजवल्या. खिडकीच्या पत्र्यावर झारा बडवला मी. त्या दिवशी पोरगा कसा खेळला हे कोणीच बोललं नाही, मीही नाही. माझ्या शेजारी ओल्गा उभी होती. ती एकटी गप्प होती.

सोळाव्या वर्षी त्याला शहरातल्या संघाने उचललं. परक्याच्या घरात राहायचं, त्यांच्या टेबलावर जेवायचं आणि शनिवारी त्यांच्यासाठी मार खायचा. मग पगाराचे संघ आले. तेरा वर्षं, अकरा गावं, सगळा जन्म बसमध्ये. प्रत्येक गावचा कोच वेगळा, पण दोन बोटं तीच. वरच्या मोठ्या लीगमध्ये सात सामने मिळाले. सातांत मिळून अकरा मिनिटं बर्फावर! ओल्गाने त्यासाठी नवा टीव्ही घेतला होता. तीन तास बसून तिने बाकावर बसलेल्या पोराचं डोकं बघितलं. त्याने फोन केला तेव्हा म्हणाला, "आई, बाक छान आहे इथलं. गादीचं आहे." ती हसली, आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास भांडी घासत राहिली. स्वच्छ भांडी.

त्या तेरा हंगामांत त्याने एकोणीस गोल केले. हे मला ठाऊक आहे, कारण ओल्गा ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. दोनशे तेराचा आकडा कोणत्यातरी रिकामटेकड्याने कॉम्प्युटरवर मोजून ठेवलाय. एकोणीस मोजायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि ती आता नाही.

चौतिसाव्या वर्षी संघाने "बरं आहे, ये आता" म्हटलं आणि तो घरी आला. डोकं दुखायचं. उजेड सहन व्हायचा नाही, माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा काळा चष्मा लावून बसायचा. बोलता बोलता शब्द हरवायचा. एकदा झाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, ते... ते तुझं तळायचं दे." मी दिला.

तेव्हा रिंकला राखणदार हवा होता. लॉर्न लागला कामाला. बर्फ करणं म्हणजे पाणी ओतून मोकळं व्हायचं असं लोकांना वाटतं. तो गरम पाण्याचे पातळ थर देतो, एकावर एक, प्रत्येक थर गोठेपर्यंत थांबतो, मग स्केटचं पातं टेकवून कान देतो. कुठे पोकळ आहे ते त्याला ऐकू येतं. आता जिल्ह्यात असा बर्फ कुठे नाही. मर्व हालवर्सन, जो आता रिंक समितीचा अध्यक्ष आहे, तो पाहुण्या संघांना छाती फुगवून सांगतो, "आमच्या लॉर्नचा बर्फ!" बारा वर्षं सांगतोय.

आता मुद्द्यावर येते. गेल्या सप्टेंबरात आठ-नऊ वर्षांच्या पोरांचा कोच नोकरीसाठी शहरात गेला. कोच नाही तर संघ नाही. चौदा पोरांना चाळीस मैलांवर लिंडलला न्यायचं, नाहीतर खेळ सोडायचा. लॉर्न माझ्याकडे आला. खुर्ची ओढून बसला.

"मावशी, मी नाव देऊ का?"

"मला काय विचारतोस? दे की."

"देतील?"

"न द्यायला काय झालं? त्यांच्याकडे दुसरं कोण रांगेत उभं आहे?"

कोचचा अभ्यासक्रम करायला तो दोन दिवस शहरात गेला. वर्गातल्या पांढऱ्या दिव्यांनी डोकं असं उठलं की परत आल्यावर तीन दिवस पडदे ओढून पडून होता. पण दाखला आणला. पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा कागद आणला. इस्त्रीचा शर्ट घालून अर्ज दिला. सेहेचाळिसाव्या वर्षी पोराला काहीतरी स्वतःहून हवं होतं. त्याच्या आधी जे मिळालं ते दुसऱ्यांनी त्याच्यासाठी ठरवलेलं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी रिंकच्या माडीवर समितीची बैठक झाली. मी आणि माझ्याबरोबर तळणारी इडा मागे बसलो. कॅसी नावाची तरुण आई उठली. तिचा ऑस्टिन त्या चौदांतला.

"मला वाईट बोलायचं नाही, लॉर्न. पण ऑस्टिनने फोनवर तुमचा व्हिडिओ बघितला. समोरचा माणूस रक्ताने माखलेला. तो दोन दिवस तेच करून दाखवत होता."

"तो ब्रेट," लॉर्न म्हणाला. "नंतर त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला गेलो होतो मी."

मर्वने घसा साफ केला. "लॉर्न आपलाच आहे. बर्फाच्या बाबतीत त्याचा हात कोण धरणार? पण लहान पोरांसमोर... शेवटी गावाचं नाव असतं. बाहेरचे काय म्हणतील?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठलेच.

"मर्व, त्याने केलेला बर्फ चालतो आणि त्याच्यावर तो उभा राहिलेला चालत नाही?"

"नेटी, खाली बस," इडाने माझा स्वेटर ओढला. "तुझं ब्लडप्रेशर."

"माझं ब्लडप्रेशर मर्वच्या नावावर लिही. मर्व, सांग सगळ्यांना. पंधरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर दोन बोटं कोण ठेवायचं?"

मर्व लाल झाला. "मी त्याला कधीही मारामारी कर म्हणालो नाही. एकदाही नाही. विचार त्याला."

सगळ्यांनी लॉर्नकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"खरं आहे, मावशी," तो म्हणाला. "कोच कधीच म्हणाले नाहीत."

मर्वने सुटल्यासारखा श्वास घेतला. मला वाटलं, झालं, बुडालो.

"बोटं ठेवायचे," लॉर्न पुढे म्हणाला. मध्येच शब्द शोधत होता, आणि कधी नव्हे ते सगळे थांबले होते. "मी उठायचो. पुढे ज्यांनी ज्यांनी ठेवली, त्यांच्यासाठी उठलो. तुम्ही सगळे टाळ्या वाजवायचात. मला वाटायचं, यालाच खेळणं म्हणतात." मग तो कॅसीकडे वळला. "तुझा ऑस्टिन कठड्यावर आपटतो ना सारखा? त्याला डाव्या पायावर थांबता येत नाही. उजव्यावर येतं. गेल्या वर्षीपासून बघतोय मी, बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीवरून. आठवड्याचं काम आहे."

कॅसी परत खाली बसली. जुन्या कोचला दोन हंगामांत ते दिसलं नव्हतं.

हात वर झाले. तीन बाजूने, तीन विरुद्ध. अध्यक्षाचं मत उरलं. आणि मर्व हालवर्सन, ज्याने आयुष्यात गाईच्या किमतीवरून कधी माघार घेतली नाही, तो म्हणाला, "विषय पुढच्या बैठकीवर ठेवू."

पुढची बैठक, मग त्याच्या पुढची. कधी हिमवादळ, कधी मर्वची कंबर. पण शनिवारी सकाळी सातला कॅसी ऑस्टिनला घेऊन दारात उभी. "नुसतं थांबायला शिकवा," म्हणाली. पुढच्या शनिवारी पाच पोरं, मग चौदाच्या चौदा. लॉर्न काळा चष्मा लावून त्यांच्या पुढे उलटा जायचा आणि ती त्याच्या मागे बदकाच्या पिलांसारखी. पहिले दोन शनिवार त्याने फक्त पडायला शिकवलं. मी खिडकीतून बघत होते, कढईतल्या पेरोगी करपल्या.

लीगच्या कागदावर मात्र कोच म्हणून नाव हवं होतं. मर्वने स्वतःचं लिहिलं! "कागदापुरतं गं, नेटी." बाहेरगावी सामना असला की बाकाच्या मागे मर्व उभा, संघाचं जॅकेट घालून, आणि लॉर्न कठड्याचं दार उघडायला. पोरांना खेळ शिकवणारा माणूस दारवान! मी मर्वला ॲपल पाय देणं बंद केलं. काउंटरवर यायचा, मी म्हणायचे, "संपला." त्याच्यासमोर ताट भरून ॲपल पाय. "हा काय मग?" "हा कागदापुरता."

लॉर्न म्हणायचा, "सोड ना मावशी. बर्फावर मीच असतो."

मी नाही सोडणार. त्याने सोडत सोडतच जन्म काढला.

जानेवारीत लिंडलला सामना होता. आम्ही सगळे गेलो. लॉर्न दारापाशी उभा राहिला तसा वरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडला, "ए पेत्रिशन, एक ठोसा दाखव की! पोरांना काय नाचायला शिकवतोस?" हशा झाला. लॉर्नने मान खाली घातली. आणि कॅसी, ऑक्टोबरात विरुद्ध बोललेली कॅसी, हातातली कॉफी सांडत उभी राहिली. "तो आमच्या पोरांचा कोच आहे! तोंड सांभाळून बोल!" तिच्या मागे आमच्या गावचे सगळे उभे राहिले. मीही, गुडघे नको म्हणत असताना.

खाली मर्व नोंदीच्या टेबलापाशी होता. सामन्याच्या कागदावर दोन्ही कोचनी सही केल्याशिवाय पंच शिट्टी वाजवत नाही. मर्वने पेन हातात घेतलं होतं. त्याने वर आमच्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि स्वतःचं छापलेलं नाव खोडून पेन लॉर्नपुढे धरलं.

माफी मागितली नाही. आजपर्यंत नाही. काही बोललाच नाही; बोलायची त्याला सवय कुठे आहे? जाऊन बाकांवर आमच्यात बसला, आणि त्याला सरकून जागा कोणी दिली नाही, तर पायरीवर बसला.

लॉर्नच्या उजव्या हाताची बोटं आता नीट मिटत नाहीत. पेन दोनदा निसटलं. एकेक अक्षर काढत त्याने आख्खं नाव लिहिलं, लॉर्न मायकेल पेत्रिशन, आणि खालच्या रकान्यात 'कोच'. चौदा पोरं काठ्या टेकून उभी होती. लिंडलचा पंच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

बघू दे.