वहिनीची दोरी

माझी वहिनी चांगली बाई आहे, असं मी म्हणणार नाही. तिच्या तोंडी लागून कोणी सुखरूप परत गेल्याचं मला आठवत नाही. फाटकापासून माथ्यापर्यंतची सात किलोमीटरची जंगलवाट ती एकटी, एका कोयत्यावर, मोकळी ठेवते. आणि त्या वाटेवरून जो जो चालतो, त्या प्रत्येकावर तिचा राग असतो.

जंगलाचा स्वभावही काही वेगळा नाही. वर्षाचे दहा महिने तिथे पाऊस पडतो आणि उरलेले दोन महिने पानं निथळत असतात. आठ दिवस हात लावला नाही तर नेचे गुडघ्याला लागतात. पंधरा दिवसांनी वेली छातीशी येतात आणि महिनाभराने आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही. म्हणून वाट राखायला बारा महिने माणूस लागतो. हे काम आधी माझ्या दादाकडे होतं. दादा गेल्यावर जंगल खात्याने ते वहिनीला दिलं. तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती.

मी त्याच वाटेवर गाईड आहे. म्हणजे कापायचं तिने आणि मिरवायचं मी.

एकदा माझ्या गटातल्या एका गृहस्थांनी तिला विचारलं, "काकू, माथा अजून किती लांब आहे हो?" ती मान वर न करता म्हणाली, "तुमच्या चालीने? उद्या विचारा." जळू लागली म्हणून किंचाळणाऱ्या बाईला म्हणाली, "ओरडू नका. पोट भरलं की ती आपणहून सुटते. माणसांपेक्षा बरी." झाडावर नाव कोरणाऱ्या एका पोराच्या मागे जाऊन ती कोयता घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "खाली बापाचंही नाव घाल, म्हणजे तक्रार कुठे करायची ते कळेल." पोराने चाकू खिशात घातला आणि माथ्यापर्यंत तो माझं बोट सोडेना.

माझ्यावर मात्र ती ओरडत नाही. नऊ वर्षं झाली, ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि तेही "अहो भाऊजी" लावून. मला वाटतं, शिव्या परवडल्या असत्या.

आता कारण सांगतो. चौथ्या किलोमीटरला एक ओढा आडवा येतो. पाणी मांडीएवढंच, पण ओढ जबरदस्त, आणि खाली चाळीस पावलांवर कडा. दोन्ही काठांच्या झाडांना छातीइतक्या उंचीवर एक दोरी बांधलेली असते, ती धरून ओढा ओलांडायचा. या ओढ्यावर हाकवाली राहते, असं जुने लोक म्हणत. ती हाक मारते, आणि ज्याने ओ दिली तो गेला. पोरांनी पाण्याकडे जाऊ नये म्हणून कुठल्यातरी शहाण्या आजोबांनी काढलेली गोष्ट. मीही लहानपणी तिला घाबरलो आहे.

दरवर्षी मोठा पाऊस ओसरला की दोरी बदलायची. ते काम दादा आणि मी करायचो. दादाचा एक नियम होता. गाठ ज्याने मारली त्याने दोन्ही पाय उचलून त्या दोरीला लटकायचं आणि वीसपर्यंत मोजायचं. मगच कोणी पाण्यात उतरायचं. हे त्याच्या इतकं अंगात भिनलं होतं, की घरात पाळण्याची दोरी बांधली तरी तो विचारायचा, "लटकलास का?" वहिनी हसायची. म्हणायची, "पाळण्याला लटकू? पोरीला कुठे ठेवू मग?" तेव्हा ती हसत असे.

त्या दिवशी दादा वरच्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे गेला. तिकडची गाठ त्याने मारली, लटकला, वीस मोजले. अलीकडची गाठ माझी. नवी नायलॉनची दोरी, त्यात ओली, हातात ठरेना. माझ्या बुटात जळवा शिरल्या होत्या आणि खाली फाटकाशी एक गट माझी वाट बघत होता. पलीकडून दादाने पाण्याच्या आवाजावरून ओरडून विचारलं, "लटकलास का?"

मी ओरडलो, "हो!"

लटकलो नव्हतो. दादा दोरी धरून पाण्यात उतरला, अर्ध्यावर आला, आणि माझी गाठ सुटली.

सहा दिवस शोधलं. एक बूट मिळाला. कार्यालयात साहेबांनी विचारलं, काय झालं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा म्हणाला, कोणीतरी हाक मारतंय. आणि दोरी सोडून गेला." साहेबांनी कागदावर 'पाय घसरून' असं लिहिलं. पण बाहेर लोकांनी माझंच वाक्य उचललं. मलाही ते बरं पडलं. वर्षभरात मी ते गटांना सांगायला लागलो, पुढे त्याला मीठमसाला लावला. हाकवाली दिसायला कशी, केस किती लांब, दादा तिच्याकडे बघून कसा हसला. बायका अंगावर काटा आला म्हणायच्या, पुरुष डोळे मिचकावायचे. त्यातून एकच अर्थ निघत होता, की माझा भाऊ बायकोला टाकून दुसरीच्या हाकेला गेला. मला तो कळत नव्हता असं नाही. मी तिकडे बघत नव्हतो.

शोध संपल्यावर वहिनी स्वतः ओढ्यावर गेली होती. दोरी पलीकडच्या झाडाला तशीच होती, पाण्यात लोंबत. तिने ती सोडवून घरी आणली. अलीकडचं टोक तुटलेलं नव्हतं, झिजलेलंही नव्हतं. दुकानदाराने जाळून बंद केलेलं टोक जसंच्या तसं होतं. तिने त्यावर एक शब्द काढला नाही. ती दोरी अंगणात बांधली आणि नऊ वर्षं ती तिच्यावर कपडे वाळत घालते आहे. तिच्या घरावरून जाताना मी दुसऱ्या बाजूला बघतो.

यंदा कार्यालयाच्या डोक्यात आलं, की ओढ्याशी मोठा फलक लावायचा. पत्र्यावर रंगीत चित्र: धबधब्यात केस सोडलेली हाकवाली, आणि तिच्याकडे हात पसरून जाणारा माणूस. साहेबांनी मला दादाचा फोटो मागितला, म्हणजे चेहरा खरा वाटेल. मी दिला. हे लिहितानाही हात आखडतो, पण दिला.

चित्रकाराने फलक रंगवून कार्यालयाच्या पडवीत वाळत ठेवला, आणि शाळेतून येताना पुतणीने तो पाहिला. आता ती बारा वर्षांची आहे. घरी येऊन तिने आईला विचारलं, "बाबा तिच्याकडे का गेले? आपण चांगल्या नव्हतो का?"

दुसऱ्या दिवशी वहिनीने कोयता खुंटीला टांगला.

तिने अर्ज केला नाही, भांडली नाही. नुसतं कापायचं थांबवलं. फलक लावायच्या दिवसाला तीन आठवडे होते. पहिले आठ दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. पंधराव्या दिवशी माझा गट दुसऱ्या किलोमीटरवरून परत फिरला. साहेबांनी मला बोलावून झाडलं, "तुमच्या घरातली बाई आहे, तुम्ही बघा!" मीच कोयता घेतला आणि निघालो. ज्या वाटेवर डोळे मिटून चालतो अशी फुशारकी मारायचो, तिथे दीड तासात रस्ता चुकलो आणि एका वेताच्या जाळीत पँट फाडून घेऊन परत आलो. फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "काय, हाकवाली भेटली वाटतं!"

मग झक मारत वहिनीच्या दारात गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याच दोरीवर.

"वहिनी, वाट बंद झालीय."

"दिसतंय. तुमच्या पँटवरून."

"पंधरा माणसं यायचीत. साहेबांचे वरचे साहेब आहेत."

"येऊ देत की. हाकवाली बोलावून घेईल त्यांना."

"असं काय करता? माझं पोट आहे त्या वाटेवर."

तिने हातातली चादर झटकली. थेंब माझ्या तोंडावर उडाले. "माझा नवरा आहे त्या वाटेवर," ती म्हणाली.

तिने चादर पसरली, चारही कोपरे ओढून सरळ केली, चिमटे लावले. मग म्हणाली, "मोकळी करते. पण त्या दिवशी मी बरोबर येणार. तुम्ही ओढ्यावर काय सांगता ते मला एकदा माझ्या कानांनी ऐकायचंय."

एवढंच? मला वाटलं, स्वस्तात सुटलो. गाढवाला गुळाची चव काय!

तिने चार दिवसांत वाट उघडली. कशी, ते तीच जाणे. त्या सकाळी पंधरा माणसं निघाली. मागून दोन मजूर फलक उचलून चालले होते. वहिनी सगळ्यांच्या पुढे, खांद्यावर दोरीचं वेटोळं. मी ती दोरी ओळखली, अंगणातलीच. ओढ्याशी पोचल्यावर बघतो तर तिथली दोरी गायब.

"जुनी झाली होती. मी काढली," वहिनी साहेबांना म्हणाली. मग माझ्या हातात वेटोळ्याचं एक टोक दिलं, जळकं टोक, आणि दुसरं घेऊन वरच्या दगडांवरून पलीकडे निघून गेली. तिकडच्या झाडाला तिने दोरी बांधली, पाय उचलले, लटकली. तिचे ओठ मोजताना हलत होते. इकडे लोकांना वाटत होतं, कार्यक्रमाचाच भाग आहे. कोणीतरी मोबाईल काढला. मी गाठ मारली.

मी तोंड उघडून नेहमीची सुरुवात करणार, "मंडळी, ही जागा साधी नाही", एवढ्यात पलीकडून हाक आली.

"भाऊजी! लटकलात का?"

नऊ वर्षांत हे शब्द मी फक्त झोपेत ऐकले होते. पाण्याचा आवाज तोच, ती उभी दादाच्याच जागी. ती एका हाताने दोरी धरून, एक पाय पाण्याच्या कडेला ठेवून उत्तराची वाट बघत होती. आणि मला कळलं, की मी हो म्हटलं तर ती उतरणार. खरंच उतरणार. माझ्या गाठीवर.

"नाही!" मी ओरडलो.

"ऐकू नाही आलं!"

"नाही लटकलो! त्या दिवशीपण नाही लटकलो! दादाने विचारलं आणि मी खोटं बोललो! कोणी हाक मारली नाही त्याला. हाक त्याने मारली होती, मला!"

मागून साहेब पुटपुटले, "हे काय मध्येच?" आणि एक बाई शेजारणीच्या कानात म्हणाली, "बघ ना, हाकवालीच बोलली तिच्या तोंडून." मला त्या बाईला ओढ्यात ढकलून द्यावंसं वाटलं. पण असल्या लोकांना ही चटक मीच लावली होती.

मी पाय उचलले आणि लटकलो. वीसपर्यंत मोठ्याने मोजलं. गाठ टिकली. ती तेव्हाही टिकवता आली असती, एवढंच त्यातून कळलं.

वहिनी दोरी धरून पाण्यातून अलीकडे आली. अर्ध्यावर, जिथे दादा गेला तिथे, ती थांबली. कड्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. काठावर आल्यावर तिने मजुरांना फलक खाली ठेवायला लावला, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाली, "पत्रा चांगला आहे. कोंबड्यांच्या खुराड्यावर घाला. इथे लावलात तर वाट तुम्हीच कापा." फलक आल्या वाटेने खाली गेला.

उतरताना ती माझ्या पुढे होती. फाटकाशी आल्यावर मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"दोरीचं टोक बघता येतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलून काय होणार होतं? गोष्ट तुमची. लोक तुमचं ऐकतात." ती चालतच होती. "माझी पोरगीसुद्धा. मी शंभरदा सांगितलं, तिला पटत नाही. म्हणते, काका तिथे होता, तू नव्हतीस. चला घरी."

पुतणी पायरीवर बसली होती. मला बघून उठली नाही. हजारो माणसांपुढे बोललेला माणूस मी, पण त्या पोरीसमोर मला शब्द सापडेनात. आडवंतिडवं जे आलं ते सांगितलं. दोरी, जळवा, खाली थांबलेला गट, माझं हो. मग तिने एकच विचारलं.

"म्हणजे बाबा कोणाकडे गेले नव्हते?"

"नाही गं," मी म्हणालो. "तो पलीकडून अलीकडे येत होता. घरी यायला निघाला होता."

ती उठून आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. वहिनीने मला पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. दार लावता लावता म्हणाली, "उद्या सकाळी ओढ्यावर नवी दोरी बांधायला या. आज बांधलेली मला कपड्यांना लागते."