कुंपणावरची मुलगी

"ते काळी पोरगी मले नको, काकू. तिले उडता बी येत नाही."

समोरच्या घरातली पिंकी असं म्हणाली आणि टीव्हीपुढं बसलेली पोरं हसली. काकूंनी सिनेमा तिथंच थांबवला. पडद्यावर उडणारं एक कुटुंब होतं, आणि त्यांच्या शेजारची सावळी मुलगी कुंपणावर बसून वर बघत होती.

"मंग तिचं कोन बोलन?" काकूंनी विचारलं. हात कुणाचाच वर गेला नाही.

आमच्या हिंदी मुलखातल्या बालाघाटच्या गल्लीत या काकू घराच्या पुढच्या खोलीतून सीडी भाड्यानं देत. काका उकव्याच्या खाणीत नोकरीला, सुट्टीपुरते घरी येणारे. रविवारी दुपारी काकू पोरांना फुकट सिनेमा दाखवायच्या. कार्टून परदेशी, बोलणं इंग्रजी. पोरांना ते कळायचं नाही आणि काकूंनाही नाही. म्हणून त्या टीव्हीचा आवाज बंद करत, काही पात्रं पोरांना वाटून देत आणि उरलेल्या सगळ्यांचं स्वतः बोलत. पहिला प्रश्न ठरलेला असे : "पाहा बरं, यात आपलं कोन हाय?"

आपलं माणूस त्या शोधूनच काढत. एका हातानं ट्रक उचलणारा बाप जवळच्याच लालबर्र्याच्या राइस मिलमधला निघाला. ढगांतून येणारी आजी किरनापूरची. "कंडक्टरनं जागा नाही देल्ली, मंग काय करू?" असं ती आल्या आल्या म्हणाली. काकूंसारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या घरात शिरलं की परकं असं काही उरतच नाही.

मी अकरावीत होते. सीडी परत करायच्या निमित्तानं यायची आणि दाराशीच बसायची. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरी मराठी. बोलायला गेले की तिन्हींची खिचडी व्हायची. त्यात पाहुणे आले की "रंग दबलेला आहे, पण हुशार आहे" हे ठरलेलं. गप्प राहणं सोपं होतं.

एकदा दुकानात कुणी नसताना काकूंनी विचारलं, "इंग्रजीत काय म्हनते बेटा ते कुंपनावरची?"

मी तो सिनेमा घरी नेऊन आवाजासकट पाहिला होता. "काहीच नाही," मी म्हटलं.

"अख्ख्या सिनेमात? काहून, तोंडात सुपारी हाय का तिच्या?" मग म्हणाल्या, "असं नाही चालत. कोनीतरी बोललं पाहिजे."

त्यानंतर तो सिनेमा लागला की काकू सगळ्यांचं बोलत, पण त्या मुलीची जागा रिकामी सोडत. माझ्याकडं बघत मात्र नसत. मी माझ्या चपलांकडं बघायची.

काकांना उकव्याला क्वार्टर मिळालं आणि काकूही तिकडं गेल्या. आता त्या खोलीत मोबाईल रिचार्ज होतो. पण शेवटच्या रविवारी, सीड्या खोक्यांत भरून झाल्यावरही, काकूंनी एक बाहेर ठेवली होती. तीच.

सिनेमाच्या शेवटी ते कुटुंब शहर सोडून निघतं. गच्चीवर सगळे हात धरून उभे राहिले. खाली कुंपणावर ती, मान वर करून. आईच्या आवाजात काकूंनी विचारलं, "चला रे, सगळे आले का?" आणि त्या थांबल्या. पडद्यावरच्या आईचे पाय गच्चीवरून सुटायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. "मी बी येऊन राह्यली."