एक बत्ती कमी

"घड्याळ बाहेर," सरदेसाई सर दारातच म्हणाले. मी मुकाट्याने मनगट मोकळं केलं. त्या काळी घड्याळाच्या काट्यांना चमकणारं रेडियम लावलेलं असे, आणि आमच्या डिटेक्टरला तेवढंही चालत नसे. सर विभागप्रमुख होते. त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारे गॅमा किरण मोजायचं यंत्र आम्ही इंदूरला बनवलं होतं. गॅमा किरण म्हणजे एक्स-रेचे दांडगे भाऊबंद. पण वातावरण त्यांना वरच अडवतं, म्हणून यंत्र बलूनला बांधून खूप उंच पाठवावं लागतं. बलून हैदराबादहून सुटणार होता. ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता, आणि नेमका आमचा बॅकग्राउंड बिघडला होता.

भिंती, जमीन, सगळंच थोडेफार किरण सोडतं, तो बॅकग्राउंड. तूप मोजण्याआधी रिकामा डबा तोलतात, तसा तो आधी मोजून ठेवतात. आमचं यंत्र दक्षिणेकडे वळवलं की काउंट, म्हणजे मोजलेल्या किरणांचा आकडा, वाढायचा.

"मॅडम, आकाशगंगेचं केंद्र तर दक्षिणेलाच आहे ना?" आमचे टेक्निशियन पवारजी म्हणाले. "फिर बलूनचा झंझट कशाला? इथेच मोजून टाकूया!"

सर हसले नाहीत. "कारण सापडलं नाही तर यंत्र जाणार नाही. बलूनवरची आपली पाळी दुसऱ्यांना देऊन टाकीन."

त्या यंत्रापायी मी सुट्ट्या, लग्नकार्यं सगळं सोडलं होतं. रडायचीच बाकी राहिले होते.

दक्षिणेच्या भिंतीशी किरण अडवणाऱ्या शिशाच्या विटा रचल्या. काउंट उतरला. म्हणजे किरण भिंतीपलीकडून येत होते. त्यांची ऊर्जा तपासली, तर ती थोरियम या किरणोत्सारी धातूची निघाली.

"पलीकडे काय आहे?" मी विचारलं.

"ताला आहे," पवारजी म्हणाले. "चाबी सरांकडे."

"गणेश मंडळाचं सामान आहे," सर म्हणाले. ते मंडळाचेही अध्यक्ष होते. "विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या झांकीच्या गॅसबत्त्या, मेंटल..." आणि बोलता बोलता त्यांचा हात खिशातल्या चावीकडे गेला.

मेंटल म्हणजे ज्योतीभोवतीची जाळीची पिशवी. ती लखलखीत उजळावी म्हणून तिच्यात थोरियम असतं. हे आम्हा दोघांनाही पाठ होतं, पण गणपतीच्या सामानात ते कोण आठवतंय!

खोली उघडली. मेंटलचं भलंमोठं खोकं भिंतीला टेकून ठेवलेलं. सरांनीच ठेवलेलं.

"वा सर," पवारजींना राहवलं नाही, "आमची घड्याळं बाहेर अन् तुमचं खोकं अंदर!"

सर खो खो हसले. खोकं स्वतः उचलून आवाराच्या पार टोकाला ठेवून आले. काउंट जागेवर आला. मला इतका आनंद झाला की मी सरांच्याच कपातला चहा पिऊन टाकला.

ट्रक निघताना सरांनी एक मेंटल शिशाच्या डबीत घालून माझ्या हातात दिलं. "यंत्र बरोबर मोजतंय का, हे तपासायला घेऊन जा."

बलून छान उडाला. केंद्राकडे रोखल्यावर काउंट किंचित वाढला, आणि या वेळी मध्ये कोणाची खोली नव्हती. तेव्हापासून काही अजब दिसलं की मी आधी शेजारची चावी मागते.

इकडे इंदूरला विसर्जनाच्या झांकीत सरांनी मुद्दाम एक बत्ती विझलेलीच मिरवली, असं पवारजींनी नंतर सांगितलं. मिरवणूक कृष्णपुऱ्याजवळ आली तेव्हा कोणीतरी इंदुरी थाटात हटकलं, "भिया, ही का नाही पेटवली?"

सर म्हणाले, "तिचं मेंटल ड्यूटीवर गेलंय."