उद्याचं तापमान

ऑफिसच्या कँटीनमधल्या फ्रीजवर तापमानाचा तक्ता लावलेला आहे. अन्नसुरक्षेच्या प्रमाणपत्रासाठी तो रोज भरावा लागतो. आज पाणी पिताना सहज नजर गेली. चार अंश, चार अंश, चार अंश. आजचा रकाना भरलेला होता, आणि उद्याचाही.

कँटीनच्या शिंदेमावशींना विचारलं, तर त्या हसल्या. “साहेब, तपासणीवाले कागद बघतात. फ्रीजमध्ये हात कोण घालतंय?”

मला हसता आलं नाही. दवाखान्यांतल्या लशींच्या फ्रीजचं तापमान स्क्रीनवर दाखवणाऱ्या आमच्या कॉम्प्युटर सेवेलाही असंच प्रमाणपत्र आहे. आलेली तक्रार चार तासांत बंद झाली पाहिजे, हा त्यातला नियम. काही वर्षांपूर्वी एका गावच्या दवाखान्यातून नर्सताईंचा फोन आला होता. “दादा, तुमच्या स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतंय, पण लशींचा फ्रीज हाताला गरम लागतोय हो.” चार तास संपत आले होते. मी ‘निवारण झाले’ असं लिहून तक्रार बंद केली. म्हटलं, उद्या बघू. आणि बघितलंच नाही. त्या महिन्याचा आमचा अहवाल स्वच्छ हिरवा होता. त्या लशी कुणाकुणाला टोचल्या गेल्या, मला माहीत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मावशी आत वळल्या तसा मी फ्रीज उघडला. आतला दिवा नेहमीसारखा लागला. दुधाच्या पिशवीवर हात ठेवला. ती मऊ आणि कोमट होती, लहान मुलाच्या दंडासारखी. हात काढवेना.

“मावशी,” मी हाक मारली, “इकडे या. हात घालून बघा.”